तिऱ्हाइताचा धर्म

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिच्यातला संशय अनुभवातून आलेला आहे आणि आंतरराष्ट्रीय राजकारणात तर तो पदोपदी खरा ठरलेला दिसतो. दोन शेजारी राष्ट्रे सीमेवरून हमरीतुमरीवर आली की तिसरे राष्ट्र शांततेची भाषा बोलत पुढे येते. निरीक्षक पाठवते, हेलिकॉप्टर देते, पैसा पुरवते, वाटाघाटींसाठी आपल्या राजधानीतले दालन उघडून देते. हे सगळे ते कशासाठी करते, असे विचारणे रास्तच आहे. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक अवघड प्रश्न दडलेला आहे आणि तो राजकारणापेक्षा नीतिविचाराचा अधिक आहे. मदत करणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल, तर त्याची मदत टाकाऊ ठरते का? ज्याचे हात स्वच्छ नाहीत, त्याने दुसऱ्यांचा रक्तपात थांबवायला पुढे होऊ नये, असे म्हणता येईल का? माझ्या मते असे म्हणता येत नाही. तिऱ्हाइताच्या अंतःकरणाची झडती घेण्यात आपण फार वेळ घालवतो. त्याने स्वतःला कोणत्या बंधनात बांधून घेतले आहे आणि ते बंधन जड झाल्यावरही तो पाळतो का, हे पाहणे अधिक न्यायाचे आहे.

महाभारताने हा प्रश्न फार पूर्वी, आणि फार निर्भीडपणे, उभा केला आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास जातो, तेव्हा तो तटस्थ राहिलेला नसतो. आपली नारायणी सेना दुर्योधनाला आणि शस्त्र न धरण्याच्या अटीवर स्वतःला अर्जुनाला, अशी वाटणी त्याने आधीच केलेली असते. त्याचा ओढा कुणीकडे आहे, हे कौरवसभेतल्या प्रत्येकाला माहीत असते. दुर्योधन ऐकणार नाही हे दिसत असताना तू आलास तरी कशाला, असे विदुर त्याला विचारतो. कृष्णाच्या उत्तराचा आशय असा की मनापासून झटूनही धर्मकार्य तडीस गेले नाही, तरी झटल्याचे श्रेय उरते. आणि आप्तांमध्ये फूट पडत असताना जो सर्व बळ लावून मध्ये पडत नाही, त्याला शहाणे लोक मित्र मानत नाहीत. दुसऱ्या बाजूला बलराम आहे. त्याला दोन्ही पक्ष सारखेच जवळचे, म्हणून तो सरस्वतीकाठच्या तीर्थांना निघून जातो. अठराव्या दिवशी तो परततो ते थेट गदायुद्धाच्या जागी, आणि भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारलेली पाहून संतापाने नांगर उचलतो. त्याचा संताप नियमाला धरून आहे. पण सैन्येच्या सैन्ये गारद होत असताना जो तिथे नव्हता, त्याने शेवटच्या एका घावापुरता नियम आठवावा, यात तटस्थतेची सगळी दुर्बलता उघडी पडते.

महाभारत एवढ्यावर थांबत नाही. युद्ध संपल्यानंतर, आश्वमेधिकपर्वात, द्वारकेकडे परतणाऱ्या कृष्णाला वाटेत उत्तंक ऋषी भेटतात. कौरवपांडवांचा समेट घडवलास ना, असे ते सहज विचारतात आणि सगळा संहार झाल्याचे कळताच शाप द्यायला निघतात. तू समर्थ होतास, तुला हे थांबवता आले असते आणि तू थांबवले नाहीस, हा त्यांचा आरोप आहे. उत्तंकांनी हा जाब बलरामाला विचारलेला नाही. जो गेला, ज्याने शिष्टाई केली आणि जो हरला, त्यालाच विचारला आहे. यात एक विचार आहे, जो आजच्या राष्ट्रांनाही लागू पडतो. सामर्थ्य असलेल्याला ‘हे माझे भांडण नाही’ म्हणण्याची पूर्ण मुभा नसते. आणि एकदा मध्ये पडल्यावर ‘मी प्रयत्न केला’ एवढे सांगून त्याची सुटकाही होत नाही. तिऱ्हाइताचे कर्तव्य या दोन टोकांच्या मध्ये आहे. ते नेमके कसे असते, हे पाहायला पुराणकथा पुरत नाही. त्यासाठी एखाद्या खऱ्या सीमेवर जावे लागते.

अशी एक सीमा दक्षिण अमेरिकेत, इक्वाडोर आणि पेरू यांच्यामध्ये, कोंदोर पर्वतरांगेच्या दाट जंगलात आहे. 1941 साली या दोन देशांत युद्ध झाले आणि 29 जानेवारी 1942 रोजी रिओ दि जानेरो येथे तह झाला. त्या तहाला अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार देश हमीदार राहिले. सीमा प्रत्यक्ष जमिनीवर पूर्ण आखली जाईपर्यंत त्यांची जबाबदारी संपणार नाही, असे तहातच नमूद होते. सामोरा आणि सांतियागो या दोन नद्यांमधला पाणलोट ही त्या भागातली सीमा धरली होती. पुढे अमेरिकेच्या विमानांनी केलेल्या पाहणीत असे दिसले की या दोन नद्यांच्या मध्ये सेनेपा नावाची नदी समजुतीपेक्षा कितीतरी लांबवर पसरली आहे. म्हणजे तहात गृहीत धरलेला एकच पाणलोट जागेवर नव्हताच. सुमारे 78 किलोमीटरची आखणी त्यामुळे अडली. 1945 साली ब्राझीलचे नौदल अधिकारी ब्राझ दिआस दि आगिआर यांनी दिलेला अभिप्रायही वाद मिटवू शकला नाही, आणि 1960 साली इक्वाडोरने तो तहच अमान्य असल्याचे जाहीर केले. 1981 साली चकमक झाली, 1995 च्या जानेवारीत पुन्हा युद्ध पेटले. जिथे रस्ता नाही, वस्ती विरळ आहे, अशा त्या डोंगरात तरुण सैनिक मरत होते आणि हजारो भूसुरुंग पेरले जात होते.

या वेळी चारही हमीदार जागे झाले. 17 फेब्रुवारी 1995 रोजी ब्राझीलमध्ये इतामारातीचा जाहीरनामा झाला आणि मार्चपासून हमीदारांचे लष्करी निरीक्षक सीमेवर उतरले. त्यांचे नेतृत्व ब्राझीलच्या सेनाधिकाऱ्याकडे होते. हेलिकॉप्टर आणि बाकीची लष्करी व्यवस्था सुरुवातीला अमेरिकेने पुरवली, पुढे ती ब्राझीलने घेतली. सैन्ये वेगळी केली गेली, वादग्रस्त पट्टा निर्लष्करी केला गेला. 1996 साली चिलीतल्या सांतियागो शहरात वाटाघाटींची पद्धत ठरली. 1998 च्या ऑगस्टमध्ये सैन्ये पुन्हा समोरासमोर येऊन युद्धाच्या उंबरठ्यावर गोष्ट गेली, पण ऑक्टोबरमध्ये दोन्ही देशांच्या संसदांनी उरलेल्या मुद्द्यावर हमीदारांचे मत बंधनकारक मानायचे ठरवले. 26 ऑक्टोबर 1998 रोजी ब्राझिलियामध्ये जमील मावाद आणि आल्बेर्तो फुजिमोरी या दोन राष्ट्राध्यक्षांनी सह्या केल्या. 1999 च्या मे महिन्यात शेवटचा सीमास्तंभ रोवला गेला आणि काही आठवड्यांत निरीक्षक पथक बरखास्त झाले. पुढे मावाद 2000 च्या जानेवारीत सत्तेवरून फेकले गेले, त्याच वर्षी फुजिमोरी देश सोडून जपानला गेले. सह्या करणारे दोघेही गेले तरी सीमा शांत राहिली, ती आजतागायत.

आता या हमीदारांकडे जरा जवळून पाहू. चिलीचे पेरूशी जुने वैर. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात चिलीने पेरूचा प्रदेश घेतला होता आणि पेरूच्या जनमानसात ती सल अजून जिवंत होती. अमेरिकेचा लॅटिन अमेरिकेतला इतिहास सांगायला नकोच. अर्जेंटिनाची गोष्ट तर याहून वाईट. 1995 साली, युद्ध चालू असताना, शांततेचा हमीदार असलेल्या या देशातून इक्वाडोरला चोरून शस्त्रे विकली गेली. राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांच्यावर पुढे याच शस्त्रव्यवहाराचा खटला चालला. 2013 साली त्यांना दोषी ठरवले गेले, नंतर ती शिक्षा रद्द झाली. 2010 साली अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षा क्रिस्तिना फर्नांदेस यांनी लिमाला जाऊन पेरूची क्षमा मागितली. हेतूची शुद्धता हीच मध्यस्थाची कसोटी असती, तर ही हमी पहिल्या महिन्यातच कोसळायला हवी होती. ती कोसळली नाही. एका हमीदाराने विश्वासघात केला आणि तरीही चौघांनी मिळून उभी केलेली व्यवस्था टिकली, या वस्तुस्थितीचा अर्थ लावल्याशिवाय मध्यस्थीच्या नीतीबद्दल पुढे बोलता येत नाही.

मला त्याचा अर्थ असा दिसतो. ती व्यवस्था कुणाच्याही सद्भावनेवर टेकलेली नव्हती. हमीदार चार होते आणि त्यांचे हितसंबंध एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून एकाचा लोभ दुसऱ्याच्या नजरेखाली राहत होता. निरीक्षक पथकाचा खर्च भांडणाऱ्या दोन देशांनीच उचलायचा होता, त्यामुळे ही शांतता कुणाची भीक नव्हती आणि कुणाची मालमत्ताही नव्हती. पथकात पुढे इक्वाडोर आणि पेरू यांचे अधिकारीही सामील झाले. ज्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, ते एकाच हेलिकॉप्टरमधून एकच जंगल तपासू लागले. निर्णयाचा अधिकार शेवटपर्यंत त्या दोन देशांकडे राहिला. हमीदारांचे मत बंधनकारक ठरले तेही दोन्ही संसदांनी तसे ठरवल्यानंतर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम संपल्यावर पथक निघून गेले. ज्याच्या मनात लोभ असू शकतो अशा माणसाकडूनही न्याय्य काम करून घेता येते, ते अशा बांधणीमुळे. शेताच्या बांधावरून भाऊबंद भांडतात, तेव्हा मोजणीला आलेला माणूस साधुसंत आहे का, हे कुणी पाहत नाही. मोजणी दोघांच्या समोर झाली का आणि खुणा दोघांनी मान्य केल्या का, हे पाहतात.

या बांधणीतून काय साधता येते, याचा नमुना तिविन्सा नावाच्या जागेत आहे. 1995 च्या युद्धात हे ठाणे इक्वाडोरच्या सैनिकांनी लढवले आणि इक्वाडोरमध्ये ते शौर्याचे प्रतीक झाले. रेषा आखली तेव्हा मात्र ते पेरूच्या बाजूला गेले. ते सोडून देणे इक्वाडोरच्या कुठल्याही सरकारला शक्य नव्हते, आणि सार्वभौमत्व सोडणे पेरूला शक्य नव्हते. हमीदारांनी सुचवलेला तोडगा असा: तिथली एक चौरस किलोमीटर जमीन इक्वाडोर सरकारला कायमची खासगी मालमत्ता म्हणून द्यायची, सार्वभौमत्व पेरूचेच राहील. एखाद्या नागरिकाने परदेशात जमीन घ्यावी, तशी एका राष्ट्राने शेजारी राष्ट्रात ती धारण करायची. तिथे इक्वाडोरचे सैन्य किंवा पोलीस जाणार नाहीत, पण मृतांच्या स्मरणाचा कार्यक्रम करता येईल. ती जागा इक्वाडोरच्या हद्दीशी जोडणारा रस्ता असेल, त्याची रुंदी जास्तीत जास्त पाच मीटर. पेरू ती जमीन काढून घेणार नाही, इक्वाडोर ती दुसऱ्याला विकणार नाही. जमीन, मालकी, सत्ता आणि स्मृती या चार गोष्टी युद्धात एकाच गाठीत बांधलेल्या असतात. इथे ती गाठ सोडवून प्रत्येक धागा वेगळा केला. भांडणाऱ्या दोघांपैकी एकानेही हे सुचवले असते, तर त्याच्या देशात त्याला गद्दार म्हटले गेले असते. तिसऱ्याने सुचवल्यामुळे दोघांनाही ते स्वीकारता आले. आपल्या लोकांपुढे मान खाली न घालता माघार घेण्याची वाट मोकळी करणे, ही तिऱ्हाइताची सर्वांत मोठी सेवा असते, आणि ती फक्त तिऱ्हाईतच करू शकतो.

मध्यस्थ पूर्ण निःस्वार्थ असेल तर उत्तमच नाही का, असे कुणी विचारेल आणि त्याच खंडातले उदाहरण देईल. 1978 च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि चिली बीगल सामुद्रधुनीतल्या बेटांवरून युद्धाच्या अगदी कडेला पोहोचले होते. न्यायाधीशांच्या लवादाने 1977 साली दिलेला निवाडा अर्जेंटिनाने धुडकावून लावला होता. तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना पाठवले आणि युद्ध टळले. पोपकडे सैन्य नव्हते, त्या बेटांत त्यांचा स्वार्थ नव्हता. दोन्ही देश कॅथलिक होते. हे सगळे खरे आहे आणि धर्मसत्तेने आपले वजन जीव वाचवायला वापरले, याबद्दल आदर वाटलाच पाहिजे. पण पुढचेही पाहावे लागते. 1980 साली पोपनी दिलेला प्रस्ताव अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने स्वीकारला नाही. तह झाला तो 1984 च्या नोव्हेंबरात, अर्जेंटिनात लोकशाही परत आल्यावर आणि तिथल्या नागरिकांनी मतदानात मोठ्या बहुमताने होकार दिल्यावर. म्हणजे पावित्र्याने दार उघडले. आत जाऊन समेट पूर्ण करायला सहा वर्षांची चिकाटी आणि लोकांची संमती लागली. शिवाय पोपसारखा मध्यस्थ प्रत्येक सीमेला मिळत नाही. मिळतात ती हितसंबंध असलेली सरकारे. नीतिविचार उपयोगी पडायचा असेल, तर तो या सरकारांकडून काय मागावे, हे सांगणारा हवा. आणि हेही लक्षात घ्यावे, की मरणाच्या दारातून तिसऱ्याने परत आणलेले हेच दोन देश सतरा वर्षांनी इक्वाडोर आणि पेरूच्या सीमेवर एकत्र हमीदार म्हणून उभे राहिले.

बंधन कागदावर असून पाळले नाही तर काय होते, ते आफ्रिकेच्या शिंगात दिसले. इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्यात 1998 ते 2000 या काळात बादमे नावाच्या गावावरून जे युद्ध पेटले, त्यात हजारो माणसे मेली. 2000 च्या जूनमध्ये शस्त्रसंधी आणि डिसेंबरात अल्जियर्सचा करार झाला. सीमा निश्चित होईपर्यंत संयुक्त राष्ट्रे आणि आफ्रिकी एकता संघटना शस्त्रसंधीची हमी घेतील, असे लिहिलेले होते. इरिट्रियाच्या हद्दीत 25 किलोमीटर रुंदीचा सुरक्षापट्टा आखला गेला आणि चार हजारांच्या घरात शांतिसैनिक आले. त्यांत भारतीय लष्कराची तुकडीही होती. 2002 च्या एप्रिलमध्ये सीमा आयोगाने निकाल दिला. बादमे इरिट्रियाच्या वाट्याला गेले, आणि इथिओपियाने ते सोडले नाही. निकाल अंतिम आणि बंधनकारक मानायचे दोघांनी आधीच कबूल केले होते. तरीही ज्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या होत्या, ती बडी राष्ट्रे इथिओपियावर खरा दबाव आणायला तयार झाली नाहीत. सोमालियातल्या इस्लामी गटांविरुद्ध त्यांना इथिओपिया हवा होता. चिडलेल्या इरिट्रियाने शांतिसैनिकांची हेलिकॉप्टर उड्डाणे बंद केली, मग इंधन तोडले, आणि 2008 साली पथकाला गाशा गुंडाळावा लागला. पुढची दहा वर्षे दोन्ही देश ना युद्धात ना शांततेत अडकून राहिले. इरिट्रियात तर याच न सुटलेल्या सीमेचे कारण पुढे करून सक्तीची लष्करी सेवा बेमुदत चालू राहिली आणि एक अख्खी पिढी देश सोडून पळत राहिली. इथे शांतिसैनिक प्रामाणिक होते, न्यायाधीश निष्पक्ष होते. हमी घेणाऱ्यांनी किंमत मोजायची वेळ येताच हात काढून घेतला. उत्तंकांचा प्रश्न अशाच हमीदारांसाठी आहे.

भारतीय वाचकाच्या मनात इथे एक आक्षेप उमटेल आणि तो वजनदार आहे. 1948 च्या जानेवारीत भारत काश्मीरचा प्रश्न आपणहून संयुक्त राष्ट्रांकडे घेऊन गेला. आक्रमणाची तक्रार करायला गेलेल्या देशाला तिथे बड्या राष्ट्रांच्या डावपेचांत अडकावे लागले. त्यातूनच शेजाऱ्याशी काय ते आपण दोघेच बोलू, ही भूमिका घट्ट झाली आणि 1972 च्या सिमला कराराने तिला शब्द दिले. स्वाभिमानी राष्ट्राने आपले भांडण चव्हाट्यावर नेऊ नये, हे म्हणणे मी हलके मानत नाही. पण आपलाच अनुभव याहून संमिश्र आहे. 1965 साली कच्छच्या रणात चकमकी झाल्या, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या प्रयत्नाने शस्त्रसंधी झाली आणि वाद तिघांच्या लवादाकडे गेला. भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर यांचे नाव दिले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला एन्तेझाम यांचे, आणि अध्यक्ष होते स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन. 1968 च्या फेब्रुवारीत निवाडा झाला. वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे नऊदशांश भारताकडे राहिला, एकदशांश पाकिस्तानकडे गेला. देशात संतापाची लाट आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी भारताने शब्द पाळला. मधल्या काळात दोन देशांत पूर्ण युद्ध होऊन गेले होते, हे लक्षात घेतले तर त्या शब्दाचे मोल कळते.

कच्छमध्ये जे साधले आणि काश्मीरमध्ये जे बिनसले, त्यांतला फरक तिऱ्हाईत असण्या-नसण्यात नव्हता. कच्छमध्ये प्रश्न नेमका होता, लवादात दोघांनी आपापला सदस्य निवडला होता, निकाल मानायचे आधीच ठरले होते आणि निकाल देऊन लवाद विसर्जित झाला. काश्मीरच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. सिंधू पाणीवाटपाचा 1960 चा करारही तिसऱ्याच्या आधाराने उभा राहिला. जागतिक बँकेने वाटाघाटी चालवल्या आणि पाकिस्तानातल्या कालव्यांसाठी व धरणांसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी पैसा दिला; भारतानेही दिला. तीन युद्धे झाली तरी करार चालू राहिला. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित ठेवला. परक्यांच्या पैशाने कालवे बांधता येतात, शेजाऱ्याने दहशतवाद पोसू नये ही मूळ अट पैशाने बांधता येत नाही, हा त्यातला धडा. तिसऱ्याची मदत समेटाच्या इच्छेला हात देते. इच्छाच नसेल तिथे ती निर्माण करू शकत नाही. म्हणून स्वाभिमानाचा मुद्दा मी असा मांडेन: परक्याची मदत घेण्यात कमीपणा नाही, ती कोणत्या अटींवर घेतली, यात कमीपणा असू शकतो.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. बाहेरच्या पहाऱ्यावर टिकणारी शांतता ही खरी शांतता नव्हे, पहारेकरी बसला की भांडणाऱ्यांना समेटाची गरजच वाटत नाही, असे म्हटले जाते. सायप्रसमध्ये 1964 पासून संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक आहेत आणि बेट आजही दुभंगलेलेच आहे, हा त्याचा पुरावा. आक्षेप बरोबर आहे आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. रक्तपात थांबवणे हे मध्यस्थाचे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे स्वतःची गरज संपवणे. कोंदोरच्या सीमेवर शस्त्रसंधीबरोबरच मूळ प्रश्नाच्या वाटाघाटींची वाट आखली गेली, म्हणून चार वर्षांत निरीक्षक घरी जाऊ शकले. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये: गोठलेले भांडणही पेटलेल्या भांडणापेक्षा बरे असते. जिवंत राहिलेल्या माणसांनाच पुढे केव्हातरी समेट करता येतो. अपूर्ण शांततेला हिणवणारा युक्तिवाद बहुधा सीमेपासून दूर राहणाऱ्यांच्या तोंडी असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. राष्ट्रांचा समेट म्हणजे माणसांचा समेट का? कोंदोर पर्वतरांग ही शुआर, अवाहुन आणि वांपिस या आदिवासी समाजांची भूमी आहे. क्विटो आणि लिमा या राजधान्यांना ती रेषा दिसली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची नातीगोती तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली होती. युद्धात वाटाड्ये म्हणून आणि सैनिक म्हणून त्यांचा उपयोग झाला, भूसुरुंगांनी त्यांचेच रान पेरले गेले. करार मात्र चार हमीदार आणि दोन राष्ट्राध्यक्षांनी केला. शांतता आल्यावर त्या डोंगरात खाणकंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि त्या खाणींविरुद्ध याच समाजांना नवा लढा उभारावा लागला. हा दोष खरा आहे आणि हमीदारांनी तो टाळायला हवा होता. पण त्यावरून मध्यस्थीच नको, असे निघत नाही; युद्ध चालू राहिले असते तर या समाजांच्या वाट्याला याहून वाईटच आले असते. त्यावरून निघते ते हे, की ज्यांच्या अंगणातून रेषा जाते, त्यांना विचारल्याशिवाय झालेला समेट अपुरा राहतो आणि तिऱ्हाइताने आपले वजन त्यांच्यासाठी खर्च करायला हवे. बलवानांच्या दोन पक्षांमध्ये समतोल राखणे सोपे असते. ज्यांचा पक्षच मोजला गेलेला नाही, त्यांना मेजाशी जागा मिळवून देणे हीच न्यायबुद्धीची खरी परीक्षा.

हेतूकडे दुर्लक्ष करा म्हणणे म्हणजे ढोंगाला मोकळे रान देणे नाही का, असा शेवटचा प्रश्न उरतो. हेतूला नीतीत जागा आहेच. अर्जेंटिनाने शस्त्रे विकली ते पाप होते आणि शांतता टिकली म्हणून ते धुऊन निघाले नाही; खटला चालला, क्षमा मागितली गेली, हे योग्यच झाले. पण कर्त्याचा न्याय आणि कृतीचा न्याय हे वेगळे ठेवावे लागतात. प्रत्येक कर्माला दोषाचा धूर चिकटलेला असतो, म्हणून कर्मच सोडू नये, हा विचार आपल्या परंपरेत रुजलेला आहे. दोषाच्या भीतीने मागे सरणाऱ्याला स्वतःची शुद्धता जपल्याचे समाधान मिळते, आणि त्या समाधानाची किंमत दुसराच कुणी रक्ताने चुकवत असतो. म्हणून सामर्थ्यवान राष्ट्राला आपण विचारायचे ते एवढे: तुला दोघांनीही बोलावले आहे का? निर्णय त्यांच्या हाती ठेवायला तू तयार आहेस का? निकाल तुझ्या मित्राविरुद्ध गेला, तर तू त्याच्यावर दबाव आणशील का? आणि काम झाल्यावर तू निघून जाशील का? या चार प्रश्नांना ज्याचे उत्तर होकारार्थी आहे, त्याच्या मनात काय आहे हे देवावर सोपवून त्याची मदत घ्यावी.

भारताला हे प्रश्न आता दोन्ही बाजूंनी विचारले जातील. आपण कधी मदत घेणारे असू. दक्षिण आशियात आणि त्यापलीकडे, आपले सैनिक आणि आपला पैसा जिथे जातो तिथे, आपण अधिकाधिक वेळा तिऱ्हाईत असू. श्रीलंकेत 1987 साली शांततेसाठी गेलेली आपली सेना स्वतःच युद्धात ओढली गेली आणि हजाराहून अधिक जवान गमावून 1990 साली परतली. मध्यस्थ आणि लढवय्या या दोन भूमिका एकाच अंगावर चढल्या की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून परक्यांच्या मध्यस्थीवर जी कठोर नजर आपण ठेवतो, तीच स्वतःच्या मध्यस्थीवरही ठेवली पाहिजे. आणि ती ठेवून झाल्यावर, बोलावणे आले आणि अटी न्याय्य असल्या, तर गेले पाहिजे. तेव्हा ‘आमचा यात स्वार्थ नाही’ असे सांगत बसण्याची गरज नाही. आमचा स्वार्थ हा आहे आणि तो आम्ही या बंधनांत ठेवतो आहोत, असे सांगणारे राष्ट्र अधिक विश्वासाचे. समर्थाला निष्कलंक राहण्याचा हक्क नाही. त्याच्यावर उपयोगी पडण्याचे आणि त्याचा हिशेब देण्याचे ऋण आहे.